लेवुकाच्या लॉजखाली भुयार नव्हते, सनद मात्र होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फिजी बेटांतल्या लेवुका या जुन्या बंदराविषयी लेख आला. बंदर, कडे, गिरमिटियांचे (करारावर नेलेल्या हिंदी मजुरांचे) पहिले जहाज हे सगळे नीट उतरले आहे. मात्र फ्रीमेसन, म्हणजे गवंड्यांची चिन्हे वापरणाऱ्या आणि दीक्षा देऊन सभासद घेणाऱ्या बंधुसंघटनेच्या लॉजच्या जळक्या वास्तूपाशी आल्यावर लेखाचे पाऊल घसरले. ‘दक्षिण पॅसिफिकमधला पहिला लॉज’, ‘सव्वाशे वर्षांची इमारत’ आणि ‘तळघरातली गूढ भुयारे’ अशी तीन विधाने एकाच परिच्छेदात आहेत आणि तिन्ही चुकली आहेत. लेखाच्या शेवटी, दापोली-रत्नागिरीकडेही गोऱ्यांचे असे लॉज होते का, असा प्रश्न विचारून तो तसाच सोडून दिला आहे. त्याचे उत्तर काढायची ठरलेली रीत आहे. चुका दुरुस्त व्हाव्यात आणि ती रीतही कळावी, म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, तेवढे सांभाळून घ्यावे.

आधी ‘पहिला’ या शब्दाचे बघू. प्रत्येक लॉजला कोणत्या तरी मुख्य लॉजची सनद, म्हणजे मान्यतापत्र, लागते. सिडनीत आयरिश सनदेचा ऑस्ट्रेलियन सोशल लॉज १८२० मध्ये सुरू झाला. हवाई बेटांवर होनोलुलूत फ्रेंच सनदेचा लॉज १८४३ मध्ये उभा राहिला. न्यू कॅलेडोनियातल्या नुमेआत ‘ल्युनियों कालेदोनिएन’ १८६८ चा. लेवुकाचा पॉलिनेशिया लॉज स्कॉटिश सनदेचा आणि १८७५ चा. म्हणजे सिडनीला पॅसिफिकचे बंदर न मानता सोडून दिले, होनोलुलू विषुववृत्ताच्या वर म्हणून वगळले, तरी नुमेआ आडवे येतेच. फिजीतल्या जुन्यांत जुना म्हणा हवे तर. पर्यटकांच्या माहितीपुस्तकांत ‘पहिला’ छापलेले असते आणि तिथून ते उचलले जाते, हे आम्ही जाणतो. कोकणातही प्रत्येक तिसऱ्या गावात महाराष्ट्रातली पहिली काहीतरी असतेच.

आता इमारतीचे वय. इथे खरा गोंधळ शब्दाचा आहे. आपल्याकडे लॉज म्हटले की एसटी स्टँडसमोरचे ‘बोर्डिंग-लॉजिंग’ डोळ्यांसमोर येते, म्हणून लॉज म्हणजे इमारत असे धरून चालतात. मुळात मोठ्या चर्चचे बांधकाम चालू असताना बाजूला गवंड्यांची खोप असायची, हत्यारे ठेवायला आणि भाकरी खायला. त्या खोपीला लॉज म्हणत. आपल्या चिरेखाणीवर असते तशीच ती. पुढे तोच शब्द तिथे जमणाऱ्या मंडळींना लागला. त्यामुळे फ्रीमेसनांच्या भाषेत लॉज म्हणजे सनद मिळालेली माणसे. ती भाड्याच्या खोलीत जमोत, हॉटेलाच्या माडीवर जमोत, नाहीतर स्वतःच्या वास्तूत. लेवुकाचा लॉज १८७५ चा, पण ती रोमन धाटणीची वास्तू १९१३ ची. जळाली २००० साली. म्हणजे जळताना इमारत ८७ वर्षांची होती. सव्वाशे वर्षांची होती ती सनद, आणि सनदेला दगड-विटा लागत नाहीत.

सनद मिळते कशी, हे कळले की अशा लॉजचा इतिहास कुठल्या कागदात सापडेल तेही कळते. तिसरी पायरी पार केलेले, म्हणजे ‘मास्टर मेसन’ झालेले किमान सात जण लागतात. ते मुख्य लॉजकडे, म्हणजे लंडन, एडिंबरा किंवा डब्लिनच्या ग्रँड लॉजकडे, अर्ज करतात. अर्जात प्रत्येकाचे नाव, त्याने दीक्षा घेतली तो मूळ लॉज आणि त्याचा क्रमांक, होऊ घातलेल्या मास्टरचे (लॉजच्या प्रमुखाचे) आणि दोन वॉर्डनांचे (त्याच्या खालच्या दोन अधिकाऱ्यांचे) नाव, बैठकीचे ठिकाण आणि दिवस. सोबत जवळच्या चालत्या लॉजची शिफारस आणि शुल्क. पॅसिफिकमध्ये अडायचे ते इथेच. ‘जवळचा लॉज’ हजार-दीड हजार मैलांवर. टपाल बोटीने एडिंबऱ्याला जाऊन उत्तर यायला महिनेच्या महिने. तोवर तात्पुरत्या परवान्यावर बैठका चालत. त्यामुळे अशा लॉजला बहुधा दोन जन्मतारखा असतात, परवान्याची एक आणि सनदेची एक. उद्घाटनाची धरली तर तीन. दोन पुस्तकांत दोन वर्षे दिलेली दिसली की लगेच एकाला खोटे ठरवू नये. कोणती तारीख कशाची आहे ते आधी बघावे.

सनद आली की प्रतिष्ठापना. तिच्यात धान्य, द्राक्षारस आणि तेल वाहतात. इंग्लिश पद्धतीत मीठही असते. मराठीत कोणी या विधीचे वर्णन लिहिले की ‘कॉर्न’चा मका होतो. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ धान्य, आणि इथे अपेक्षित आहेत गव्हाचे दाणे. आपण नव्या घरात पहिले पाऊल टाकताना धान्याचे माप आणि मीठ नेतो, त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट. मक्याने सगळा अर्थ हरवतो.

मांडणीही ठरलेली. मास्टर पूर्वेला, सीनियर वॉर्डन पश्चिमेला, ज्युनियर वॉर्डन दक्षिणेला, उत्तरेला कोणी नाही. मध्ये काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी. बाकीचे अधिकारी खजिनदार, चिटणीस, दोन डीकन, दाराच्या आतला रखवालदार आणि बाहेर नागवी तलवार घेऊन उभा ‘टायलर’. या शब्दाचा अर्थ कौले घालणारा. लॉज ‘शाकारला’ म्हणजे दार लागले आणि बाहेरचे कोणी आत राहिले नाही. तिघांनी लॉज चालतो, पाचांनी टिकतो, सातांनी पुरा होतो, असा त्यांचा हिशेब. चिन्हे तर आपल्या गवंड्याच्या पिशवीतलीच. गुण्या, कर्कटक, ओळंबा, पाणसळ, हातोडी. सोबत दोन दगड, एक खाणीतून निघालेला ओबडधोबड आणि एक घडवून सहाही बाजूंनी गुण्यात बसवलेला. जांभ्याचा चिरा तासताना ज्याने पाहिला आहे त्याला या रूपकाचा अर्थ सांगावा लागणार नाही. गूढ वगैरे म्हणण्याआधी एकदा चिरेखाणीवर जाऊन यावे.

नवा सभासद घ्यायचा की नाही हे पांढऱ्या-काळ्या गोट्या टाकून ठरते. पेटीत हात घालून गोटी सोडायची, कोणी कोणती टाकली ते दिसत नाही. इंग्लिश नियमांत तीन काळ्या पडल्या की नकार, आणि लॉजला आपल्या पोटनियमांत हा आकडा आणखी खाली आणता येतो. आत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायला बंदी. सगळ्या कागदांत महत्त्वाचा नियम सनदेचा. इंग्लिश पद्धतीत ती बैठकीच्या वेळी तिथे हजर असावी लागते. सनद हरवली, जळली, बुडाली की नवी पुष्टीची सनद किंवा तात्पुरती परवानगी येईपर्यंत बैठक नाही. दमट बेटांवर, वादळांत आणि लाकडी घरांत हा नियम पाळताना काय होत असेल त्याची कल्पना करा.

बंदरातला लॉज बंद पडतो तो बहुतेक वेळा भांडणामुळे नव्हे. माणसे नसल्याने. कप्तान, व्यापारी, कस्टमचे कारकून हे सगळे बदलीचे, फिरतीचे. सात होते, दोन बोटीवर गेले, एक मेला, उरले चार. वर्गणी येत नाही, वार्षिक यादी जात नाही, आणि काही वर्षांनी मुख्य लॉजच्या वहीत नाव खोडले जाते. पूर्वी पुष्कळ लॉज पौर्णिमेच्या आसपास बैठक ठेवत, ते रात्री घरी परतताना वाटेवर उजेड मिळावा म्हणून. यालाही लोकांनी चंद्रपूजा म्हणून घेतले आहे. आपले दशावतार आणि जत्रा कोणत्या तिथीला असतात ते पाहिले तर कारण समजायला वेळ लागू नये.

या धंद्यातल्या कागदांचा नमुना म्हणून होनोलुलूचे उदाहरण फार चांगले आहे, कारण त्यात चुकण्याच्या जवळजवळ सगळ्या जागा एकत्र आल्या आहेत. ‘आजाक्स’ नावाच्या फ्रेंच देवमाशाच्या शिकारी जहाजाचा कप्तान जोसेफ मारी ल तेलिए याच्याजवळ फ्रान्सच्या सुप्रीम कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या एका मुख्य मेसन मंडळाचा, अधिकार होता. त्याने ८ एप्रिल १८४३ रोजी तिथे ‘ल प्रोग्रे द लोसेआनी’ हा लॉज स्थापला. म्हणजे इथे ‘जवळच्या लॉजची शिफारस’ ही अडचण एका जहाजाच्या कप्तानाने सोडवली. आता फ्रेंच मेसन आपल्या कागदांवर इसवी सनाऐवजी ‘प्रकाशाचे वर्ष’ लिहीत. इसवी सनात ४००० मिळवायचे, आणि वर्ष मार्चपासून मोजायचे. त्या हिशेबाने ही तारीख होते ५८४३ सालच्या दुसऱ्या महिन्याचा आठवा दिवस. ज्याला मार्चचा नियम माहीत नाही तो ४००० वजा करतो आणि ८ फेब्रुवारी १८४३ लिहून मोकळा होतो. दोन महिन्यांची चूक. शके आणि इसवी सन यांत ७८ चा फरक धरताना जानेवारी ते पाडवा या काळात आपणही हीच गल्लत करतो, फक्त तिथे वर्ष चुकते, इथे महिना.

दुसरी जागा क्रमांकाची. फ्रेंच यादीत त्या लॉजचा क्रमांक १२४. कॅलिफोर्नियाची ग्रँड लॉज १८५० मध्ये झाली आणि तिने १८५२ मध्ये होनोलुलूतच हवाईयन लॉज, क्रमांक २१, याला सनद दिली. एका लहान बंदरात दोन लॉज, दोन वेगळ्या मुख्य लॉजचे. पुढे १९०५ मध्ये जुना फ्रेंच लॉज कॅलिफोर्नियाच्या यादीत आला आणि त्याचा क्रमांक झाला ३७१. म्हणून कोणी नुसते आकडे बघून २१ ला ३७१ पेक्षा जुना ठरवले तर उलटेच होते. क्रमांक हा त्या त्या यादीतला असतो. कुठली यादी, हे आधी विचारायचे. हवाईला स्वतःची ग्रँड लॉज मिळाली ती थेट १९८९ मध्ये.

हवाईत राजे मंडळीही मेसन होती, चौथा आणि पाचवा कामेहामेहा आणि नंतर डेव्हिड कालाकाउआ. कालाकाउआला राजा होण्याआधी, १८५९ मध्ये, याच फ्रेंच लॉजमध्ये दीक्षा मिळाली. गोऱ्यांच्या लॉजमध्ये बेटावरचा माणूस बसला, हे तिथे घडले. मुंबईत ते सहज घडले नाही. मुंबईचे पारशी गृहस्थ माणकजी करसेटजी यांना दीक्षा मिळाली ती पॅरिसमध्ये. नंतर डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणून मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हा स्कॉटिश सनदेचा लॉज काढला, क्रमांक ३४२, साल पुन्हा १८४३. होनोलुलू आणि मुंबई एकाच वर्षी. यातून काही गुप्त संबंध शोधू नये. त्या दशकात बोटी वाढल्या आणि बोटींबरोबर लॉजही वाढले. कालाकाउआ १८८१ मध्ये जगाच्या प्रवासाला निघाला तेव्हा मुंबईतही उतरला होता.

पायाभरणीचे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मेसन पद्धतीत पायाचा दगड ईशान्य कोपऱ्यात बसवतात. वास्तुशास्त्रवाल्यांनी खुश होऊ नये, कारण वेगळे आहे. नवशिक्या गवंड्याला लॉजच्या खोलीत त्याच कोपऱ्यात उभे करतात. दगड बसवताना गुण्याने कोन, पाणसळीने पातळी, ओळंब्याने उभी रेघ तपासतात, मग धान्य, द्राक्षारस आणि तेल. दगडाखाली पेटी असते, तिच्यात त्या काळची वर्तमानपत्रे, नाणी, तिकिटे, छायाचित्रे. होनोलुलूतल्या इओलानी राजवाड्याची पायाभरणी ३१ डिसेंबर १८७९ रोजी अशीच मेसन विधीने झाली. तिच्या आधी १९ फेब्रुवारी १८७२ रोजी पाचव्या कामेहामेहाने अलिइओलानी हाले या सरकारी इमारतीचा दगड बसवला. तिची पेटी कुठे आहे हे नंतर कोणालाच सांगता येईना. २००५ मध्ये जमिनीखालचे दिसणारे रडार लावून जागा सापडली. कोपऱ्याची नोंद वहीत नीट असती तर रडारची पाळी आली नसती. आपल्याकडच्या शाळा, वाचनालये, धक्के यांच्या कोनशिला रंगरंगोटीच्या गिलाव्याखाली जातात, तेव्हा निदान मजकूर आणि जागा कागदावर उतरून ठेवावी.

लेवुकाकडे परत येऊ. ओवालाऊ बेटावर कडा आणि समुद्र यांच्यात चिमटलेली ती एक पट्टी आहे. १० ऑक्टोबर १८७४ रोजी फिजी ब्रिटिशांच्या ताब्यात देण्याचा करार तिथे झाला, पुढच्याच वर्षी लॉज. १८७९ मध्ये गिरमिटियांना घेऊन ‘लिओनिडास’ तिथेच आले, आणि जहाजावर पटकी आणि देवी असल्याने माणसांना आधी यानुचा लाइलाइ या बेटावर ठेवावे लागले. पण गाव वाढणार कुठे? मागे कडा, पुढे पाणी. १८८२ मध्ये राजधानी सुवाला गेली, कचेऱ्या गेल्या, व्यापार हळूहळू गेला. वेंगुर्ला, जयगड, राजापूर पाहिलेल्याला हे चित्र नवे नाही. बंदर बसले की त्यातल्या संस्था उरतात आणि त्या सांभाळायला माणसे कमी पडतात. तरी इथे १९१३ मध्ये नवी वास्तू बांधण्याइतकी मंडळी होती, हे विशेष. गावाला २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, तोवर लॉजच्या नुसत्या भिंती उरल्या होत्या.

आग लागली २००० सालच्या बंडाच्या दिवसांत. १९ मे रोजी सुवाच्या संसदेत घुसून ओलीस धरण्याचा प्रकार झाला, त्याचे लोण बेटांवर पसरले आणि जुलैत जमावाने लॉज पेटवला. मेसन सैतानाचे उपासक आहेत असे तिथले काही धर्मोपदेशक आधीपासून सांगत होते. लॉजखालून एक भुयार नासोवा हाऊसला, एक रॉयल हॉटेलला आणि एक थेट स्कॉटलंडमधल्या मुख्य लॉजला जाते, अशी वदंता होती. आग विझल्यावर खाली काही निघाले नाही. लेवुका ते एडिंबरा पृथ्वीच्या पोटातून सरळ रेघ काढली तरी सुमारे बारा हजार किलोमीटर भरते. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा रेल्वे बोगदा काढताना काय यातायात झाली ते रत्नागिरीकरांना विचारावे. पण हसून सोडण्यासारखे हे नाही. कोकणातही भुयार नसलेला किल्ला कोणी सांगत नाही, आणि हिंदुस्थानात ठिकठिकाणी मेसनांच्या इमारतींना लोक जादूघरच म्हणत. बंद खिडक्या, दारात तलवारवाला, रात्रीची बैठक आणि आत काय चालते ते सांगायचे नाही, एवढी सामग्री असली की अफवेला कष्ट पडत नाहीत. यात मेसनांचीही चूक आहे असे आमचे मत. विधी गुप्त ठेवावा, पण सभासदांची यादी, जमाखर्च आणि स्थापनेची तारीख गावाच्या वाचनालयात ठेवायला कोणाची हरकत होती?

आता कोकणातल्या प्रश्नाकडे. अमुक गावी लॉज होता, असे ऐकिवात आले तर गावात विचारपूस नंतर करावी. आधी शाखा शोधावी. जुन्या कागदावर किंवा दगडावर क्रमांकापुढे ई. सी. असेल तर इंग्लिश, एस. सी. असेल तर स्कॉटिश, आय. सी. असेल तर आयरिश. इंग्लिश असेल तर काम सोपे. १८९४ पर्यंतच्या सगळ्या इंग्लिश लॉजची लेन यांची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते, गावाच्या नावाने शोधता येते. मात्र इंग्रजी स्पेलिंगे चार प्रकारे घालून बघावी. दापोलीचे ‘डापूली’ आणि रत्नागिरीचे ‘रुत्नागेरी’ करणाऱ्यांनी ती यादी भरली आहे. इंग्लिश लॉजचे क्रमांक १८१४, १८३२ आणि १८६३ मध्ये नव्याने लावले गेले. त्यामुळे एकाच आकड्याखाली वेगवेगळ्या काळात वेगवेगळे लॉज सापडतात, आणि कागद १८५५ चा असेल तर आजचा क्रमांक लावून उपयोग नाही. सभासदांच्या १७५१ ते १९२१ या काळातल्या इंग्लिश नोंदवह्याही आता संगणकावर आल्या आहेत. त्यांत नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण आणि दीक्षेची तारीख मिळते.

दापोलीच्या कॅम्पसारख्या लष्करी ठाण्यात आणखी एक खोड आहे. पलटणींचे लॉज फिरते असत. सनद पलटणीच्या नावाने, पलटण हलली की पेटीत घालून सनदही हलली. असा लॉज गावाच्या नावाखाली कधीच सापडणार नाही. त्या वर्षी तिथे कोणती पलटण होती ते काढून पलटणीच्या नावाने शोधावे. आणि कलेक्टर कचेरीत मेसनांच्या याद्या असतील अशा आशेने अर्ज करू नये. १७९९ च्या कायद्याने दरवर्षी अशा याद्या सरकारात द्याव्या लागत, आणि ते १९६७ पर्यंत चालले, पण ते ब्रिटनमध्ये. तो कायदा इकडे लागू समजून लोक वर्ष वर्ष हेलपाटे घालतात.

दगड आणि दागिने यांनीही फसगत होते. जुन्या गोऱ्या दफनभूमीतल्या थडग्यावर गुण्या आणि कर्कटक एकमेकांत गुंतलेले दिसले तर तो माणूस मेसन होता, एवढेच सिद्ध होते. तिथे लॉज होता हे नव्हे. तो माणूस मुंबईच्या, कलकत्त्याच्या किंवा लिव्हरपूलच्या लॉजचा असू शकतो. जुन्या भांड्यावाल्याकडे कधी चांदीचे पदक येते, गुण्याखाली पायथागोरसच्या सिद्धान्ताची आकृती लोंबणारे. ते इंग्लिश पद्धतीचे, माजी मास्टरला मिळणारे. त्याच्या मागे बारीक छाप असतात. त्यांत नांगर दिसला की कोकणात लगेच ‘हा आरमारी माणूस’ असे ठरते. तो नांगर बर्मिंगहॅमच्या चांदी तपासणी कचेरीचा शिक्का आहे, त्याचा समुद्राशी संबंध नाही. शेजारचे एकच अक्षर असते त्यावरून तपासणीचे वर्ष निघते. अक्षराचे वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही जुळवून बघावे लागतात, कारण अक्षरे दर काही वर्षांनी फिरून येतात. आणि पदक ब्रासोने घासू नये. घासून घासून आधी छाप जातात, मग नाव.

लॉज जळला तरी एक गोष्ट वाचते, ती म्हणजे वार्षिक यादी. दर वर्षी कोण आले, कोण गेले, कोणाची वर्गणी थकली, हे चिटणीस मुख्य लॉजकडे पाठवतो. गावातली वही राख झाली तरी दुसरी प्रत समुद्रापलीकडे पडून असते. आपल्याकडच्या किती संस्थांची दुसरी प्रत कुठे आहे? रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, म्हणजे वर उल्लेख केलेल्या होनोलुलूच्या लॉजपेक्षा पंधरा वर्षांनी जुने. त्या वयाच्या आसपासच्या देवस्थानांच्या, शाळांच्या, व्यापारी पेढ्यांच्या वह्या कोकणात घरोघरी आहेत आणि बहुतेक एकाच लोखंडी कपाटात आहेत.

ते कपाट जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवलेले असते, हे पहिले चुकते. पावसाळ्यात जांभा पाणी पितो, पत्रा थंड राहतो, आतल्या बाजूला दव धरते आणि मागच्या रांगेतल्या वह्या आधी जातात. कपाट आतल्या भिंतीकडे घ्यावे, तिथेही भिंतीपासून वीतभर आणि जमिनीपासून चार बोटे वर ठेवावे, आणि पायांकडे वाळवीची माती चढते का ते पंधरवड्याला बघावे. डांबराच्या गोळ्यांनी कसर थोडी दूर राहते, दमटपणा अजिबात कमी होत नाही. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, गोळ्या असोत वा नसोत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, पाच-सात वर्षांत डिंक तपकिरी होऊन अक्षरावर उतरतो. लॅमिनेशन तर करूच नये. जुन्या लोहाच्या शाईत आम्ल असते, ते आत कोंडले की अक्षराच्या जागी भोक पडते, आणि लॅमिनेशन परत उकलत नाही.

प्रत काढायची तर मार्गशीर्ष ते माघ या कोरड्या दिवसांत काढावी. मोबाइलचा कॅमेरा चालतो, फक्त हातात धरून नव्हे. स्टँडला उलटा बांधून, पान सपाट, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, फ्लॅश बंद. वही १८० अंशांत उघडून दाबू नये, शिवण तुटते. दोन्ही बाजूंना पुस्तके लावून जेवढी उघडते तेवढीच उघडावी. कोरे पानही घ्यावे, नाहीतर पुढे कोणाला वाटते की मधले पान गहाळ आहे. पहिल्या चित्रात वहीचे नाव, वर्ष आणि पट्टी ठेवावी म्हणजे आकार कळतो. दोन प्रती, दोन वेगळ्या गावांत, त्यातली एक खाडीपासून उंचावरच्या घरात.

पुढच्या पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती द्यावी, एवढी विनंती. ‘लेवुका येथील पॉलिनेशिया लॉज स्कॉटिश सनदेचा, स्थापना १८७५. इमारत १९१३ ची, २००० साली जळाली. तो पॅसिफिकमधला पहिला लॉज नव्हे. इमारतीखाली भुयार आढळलेले नाही.’

आपले,
कोकणातील जुन्या नोंदींचे काही अभ्यासक,
रत्नागिरी